शून्य मशागतीच्या रानात ट्रॅक्टर घालताना या चुका टाळा

सोलापूरच्या काळ्या जमिनीत रब्बी ज्वारीची पेरणी सप्टेंबरच्या पावसावर होते आणि पाऊस उघडताच पेरणी यंत्र बाहेर काढण्याची घाई सुरू होते. दरसाल नांगरल्या जाणाऱ्या रानात ही घाई पुढच्या नांगरटीत काही अंशी झाकली जाते; शून्य मशागतीत, म्हणजे न नांगरता थेट पेरणी करण्याच्या पद्धतीत, ती झाकायला नांगरच नसतो.

सर्वांत महागात पडते ती वाफशाआधीची, म्हणजे जादा ओल ओसरून माती पेरणीजोगी होण्याआधीची पेरणी. धसकटे आणि पाल्याच्या आच्छादनाखाली ओल जास्त दिवस टिकते, त्यामुळे शेजारच्या नांगरलेल्या रानात पेरणी सुरू झाली म्हणून आपलेही रान तयार झाले, असे समजू नये. वीतभर खणून माती हातात घ्यावी. तळहातावर तिची बारीक वात वळली जात असेल, तर थांबावे. अशा ओल्या मातीतून यंत्राची तबकडी किंवा फण गेला, की तासाच्या, म्हणजे बी पडते त्या चरीच्या, दोन्ही कडा सारवल्यासारख्या गुळगुळीत होतात, कोवळी मुळे त्यांत शिरू शकत नाहीत आणि ऊन पडून माती आकसली, की भेग नेमकी बियांच्या रेषेतच पडते. मग दोष बियाण्याला दिला जातो! शंका आल्यास तीन-चार आठवड्यांचे रोप ढेपेसह खुरप्याने उचलून पाहावे. मुळे चोहीकडे न पसरता तासाच्याच दिशेने चपटी वाढलेली असतील, तर चूक पेरणीच्या वेळेची आहे. तास बुजत नाही म्हणून दाबचाकाचा ताण वाढवत नेल्यास ओली माती आणखी घट्ट बसते.

दुसरी चूक चाकांची. माती दबते ती मुख्यतः पहिल्याच फेरीत. म्हणून दर वेळी नवी वाट धरण्यापेक्षा बांधावर खुंट्या ठोकून चाकोरी कायमची ठरवावी. टायरमधील हवा कंपनीच्या तक्त्यानुसार कमी ठेवल्यास वरचा थर वाचतो, पण खोलवरचा दाब आसावरील वजनानुसार बसतो, त्यामुळे शेणखताने भरलेली ट्रॉली ओल्या रानात नेऊच नये. ज्वारी काढल्यावर कडबा नेणारी ट्रॉली कोरड्या जमिनीत त्या मानाने कमी नुकसान करते.

रान घट्ट झाले म्हणून सगळे नांगरून काढणे ही तिसरी चूक, कारण जुन्या मुळांनी आणि गांडुळांनी केलेल्या वाटा त्यात मोडतात. काळी माती उन्हाळ्यात भेगाळून स्वतःला थोडीफार मोकळी करते, तुरीची सोटमुळेही मदत करतात. तरीही एखादा पट्टा सुटत नसेल, तर माती खोलवर कोरडी असताना तेवढाच फोडावा.