नार्सिससची गोष्ट सांगायची तर आधी कढई काढा

पाण्यात दिसलेल्या स्वतःच्याच चेहऱ्याच्या प्रेमात पडलेल्या पोराची ही ग्रीक पुराणातली गोष्ट, म्हणून पाणी भरलेली कढई हवी. लोखंडाची, शेंगदाणे भाजून बूड काळं झालेली. पहिल्यांदा मी स्टीलची परात घेतली, तर पोरांना स्वतःच्या तोंडाऐवजी परातीचं चकाकतं बूडच दिसलं. काळ्या बुडावर पाण्याचा आरसा होतो. कढई दाराशी ठेवा. उजेड पाण्यावर नको, बघणाऱ्याच्या तोंडावर पडू दे. आमच्या सोलापुरातल्या सिद्धेश्वर तलावाच्या काठी बसून सांगायचा हट्ट करू नका. मी केला होता. वाऱ्यानं पाणी हलत होतं, पोरं वाकायला लागली, आणि गोष्ट राहिली बाजूला, मी कॉलरी धरत बसले.

गोष्ट रोमन कवी ओव्हिडची घ्या, इ.स. ८ च्या सुमाराची. सुरुवात उरका: नार्सिसस म्हणजे नदीदेव सेफिसस आणि जलपरी लिरिओपी यांचा मुलगा, सोळा वर्षांचा, देखणा, कुणाला हिंग लावून न विचारणारा. आंधळ्या भविष्यवेत्त्या टायरेसियसचं भाकीत मात्र गाळू नका: पोरगा म्हातारा होईल, पण स्वतःला ओळखलं नाही तरच.

मग एको, नार्सिससवर जीव जडलेली वनपरी. देवांची राणी जुनो, तिच्या शापानं तिला दुसऱ्याचे शेवटचे शब्द तेवढे बोलता येतात. एका पोरीला मागच्या खोलीत बसवून एको करा. इथं मराठी दगा देते बघा. आपलं क्रियापद शेवटी, आणि 'नाही' त्याच्याही शेवटी. "मी तुझा होणार नाही" म्हणालात की एको बिचारी "नाही, नाही" करत बसते आणि सगळा विचका होतो. म्हणून वाक्य फिरवा: "मरेन, पण म्हणणार नाही की जवळ घे मला!" आतून आवाज येतो, "जवळ घे मला!" आमच्या मागच्या गल्लीत यंत्रमाग खटखटतात, त्यामुळं आमच्या एकोला ओरडावंच लागतं.

शिकार, ऊन, तहान. मे महिन्यातल्या सोलापुरात तहान काय समजावायची! आता एकेकाला कढईत बघू दे, मग बोट बुडवायला सांगा. चेहरा मोडतो. पाणी निवळेपर्यंत कुणी बोलायचं नाही. तुम्हीसुद्धा.

"तोच आहे हे त्याला कळत कसं नाही?" हे कुणीतरी विचारणारच. समोरच्या अक्कांच्या नातवानं विचारलं. दुसऱ्या शतकातल्या पॉसेनियस या ग्रीक प्रवाशालाही ते पटलं नव्हतं. त्यानं दुसरीच कथा नोंदवली, वारलेल्या जुळ्या बहिणीसाठी पाण्यात बघणाऱ्या भावाची. ओव्हिडच्या नार्सिससला शेवटी कळतं, "हा तर मीच!" आणि तरी त्याला उठवत नाही. हे हळू सांगा. मोबाइलचं प्रवचन इथं घुसडू नका, ते आया नंतर करतातच.

प्रेताच्या जागी फूल सापडतं, मध्ये पिवळं, भोवती पांढऱ्या पाकळ्या. पण त्याआधी तो पाण्यातल्या चेहऱ्याचा निरोप घेतो. आपल्यात 'जातो' म्हणत नाहीत, म्हणून मी "येतो" म्हणते. आतून एकोही म्हणाली, "येतो." पोरं हसली, "येते म्हण की गं!" ती पडद्याआडून डोकं काढून म्हणाली, "मला कुठं येतंय अक्का तसं म्हणायला?"