जुन्या ओम्नीचा टाय रॉड एंड घरी कसा बदलावा

मुंबईच्या खड्ड्यांतून वर्षानुवर्षे धावलेल्या मारुती ओम्नीचे स्टिअरिंग सैल लागू लागले, की बहुतेक जण आधी अलाइनमेंट (चाकांची दिशा जुळवणे) करून घेतात. मात्र टाय रॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगचा रॉड चाकाशी जोडणारा सांधा, झिजला असेल तर केलेले अलाइनमेंट टिकत नाही, म्हणून दोष नेमका कुठे आहे हे प्रथम तपासावे.

गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावावेत, पुढच्या चाकाचे नट किंचित सैल करावेत आणि पुढची बाजू जॅकने उचलून घोडीवर (गाडी पेलणाऱ्या पक्क्या स्टँडवर) टेकवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. मग घड्याळातील 9 आणि 3 या जागी चाक धरून हलवावे; खटखट जाणवली, तर संशय टाय रॉड एंडवर किंवा रॅकवर (टाय रॉड डावी-उजवीकडे सरकवणाऱ्या स्टिअरिंगच्या दातेरी दांड्यावर) घ्यावा. सोबत्याने सांध्यावर बोटे ठेवल्यास सैलपणा हाताला लगेच कळतो. 12 आणि 6 या जागी सैलपणा असेल, तर बेअरिंग किंवा खालचा बॉल जॉइंट तपासावा.

नवा सुटा भाग ऑपेरा हाउसच्या बाजारात मिळतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना स्वस्त मिळेल, पण स्टिअरिंगच्या सांध्यात ही काटकसर नको.

खाऱ्या, दमट हवेने आटे गंजतात. म्हणून ते तारेच्या ब्रशने साफ करून आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. चाक काढल्यावर लॉकनट (एंडला टाय रॉडवर पक्का धरणारा नट) पाव फेरा सैल करावा, स्प्लिट पिन (नट फिरू न देणारी दुभंगलेली पिन) काढावी आणि खाचांचा नट शेवटच्या दोन-तीन आट्यांपर्यंत उलगडावा. सांधा पुलरने (ओढून सोडवणाऱ्या अवजाराने) सोडवावा. बोल्टच्या टोकावर हातोडा मारल्यास आटे खराब होतात. जुना एंड किती फेऱ्यांत निघतो ते मोजून नवा तितक्याच फेऱ्या बसवावा, आणि जुन्या-नव्याची लांबी शेजारी धरून पाहावी. नट कसल्यावर पिनेचे भोक जुळले नाही, तर तो आणखी थोडा आवळावा, कधीही सैल करू नये. पिन नेहमी नवीच घालावी आणि शेवटी लॉकनट घट्ट करावा.

शेजारच्या स्ट्रटची (पुढच्या चाकाचे धक्के झेलणाऱ्या खांबाची) स्प्रिंग मात्र दाबलेली असते, ती सुटल्यास जीवघेणी ठरते. ते काम मिस्त्रीकडेच द्यावे.

चाक लावून गाडी सावकाश अलाइनमेंटला न्यावी. रस्ता सरळ असूनही स्टिअरिंग वाकडे राहत असेल, तर दोन्ही टाय रॉड समप्रमाणात फिरवून ते सरळ करायला सांगावे. स्टिअरिंग उपसून पुन्हा बसवून देण्याची युक्ती मान्य करू नये.