टेनिस एल्बो: शस्त्रक्रियेविना उपचार कसा निवडावा

ठाण्यात जांभळी नाक्याहून भाजीच्या पिशव्या आणताना किंवा लोकलमध्ये वरची कडी घट्ट धरताना कोपराच्या बाहेरच्या हाडाशी कळ येत असेल, तर ते टेनिस एल्बोचे दुखणे असू शकते. मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंची कंडरा त्या हाडाला जोडलेली असते आणि वारंवारच्या ताणाने तिथेच तिची झीज होते.

उपचारांची तुलना करताना सहा आठवड्यांनी काय होईल आणि वर्षभराने काय होईल, हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. नेदरलँड्समधील १८५ रुग्णांच्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ९२ टक्के रुग्णांना सहा आठवड्यांत आराम पडला होता, मात्र वर्षअखेरीस हे प्रमाण ६९ टक्क्यांवर उतरले. फिजिओथेरपी घेतलेल्यांत ते ९१ टक्के, तर फक्त सल्ला घेऊन वाट पाहिलेल्यांत ८३ टक्के होते. म्हणूनच पहिल्याच भेटीत इंजेक्शनचा आग्रह धरू नये, असे मला कळकळीने वाटते. मधुमेह असल्यास इंजेक्शननंतर काही दिवस साखर वाढू शकते, हेही ध्यानात घ्यावे.

व्यायामाची सुरुवात घरीच करता येते. तळहात खाली ठेवून हाताचा कोपरापासूनचा भाग टेबलावर टेकवावा, मनगट कडेबाहेर राहू द्यावे आणि मुठीत अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली आडवी धरावी. दुसऱ्या हाताने मनगट वर उचलून द्यावे व मग चार आकडे मोजत ते सावकाश खाली सोडावे. असे पंधरा वेळा, दिवसातून तीनदा करावे. किंचित दुखले तर चालेल, परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे वाढलेले असल्यास बाटलीतले पाणी कमी करावे. फरक जाणवायला सहा ते बारा आठवडे लागतात. नुसता मशीनचा शेक घेऊन घरी परतणे म्हणजे फिजिओथेरपी नव्हे.

कोपराचा पट्टा हाडावर न बांधता त्याच्या दोन बोटे खाली, स्नायूच्या फुगीर भागावर बांधावा. डायक्लोफिनॅकचे जेल तात्पुरता आराम देते. पीआरपीच्या, म्हणजे रुग्णाच्याच रक्तातून वेगळ्या केलेल्या प्लेटलेट्सच्या इंजेक्शनवर बराच खर्च होतो, पण अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२१ च्या आढाव्यात त्याचा उल्लेखनीय फायदा आढळला नाही.

बोटांना मुंग्या येत असतील, मान दुखत असेल, किंवा कोपर सुजून सरळ होत नसेल, तर यांपैकी काहीही करण्याआधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.