पोटाचा घेर मोजा, आणि वजनाबाबतच्या या चुका टाळा

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२२ मध्ये जगातील सुमारे २५० कोटी प्रौढांचे, म्हणजे दर शंभरांत ४३ जणांचे, वजन प्रमाणापेक्षा जास्त होते आणि त्यांपैकी ८९ कोटींहून अधिक जण लठ्ठ या गटात मोडत होते. १९९० च्या तुलनेत प्रौढांमधील लठ्ठपणा दुपटीहून अधिक झाला आहे. टाइप-२ मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, यकृतात साचणारी चरबी, झोपेत श्वास अडखळणे, गुडघ्यांची झीज आणि काही कर्करोग यांचा धोका त्याबरोबर वाढतो. हे आकडे वाचूनही नाशिकमधील पुष्कळ मंडळी ‘आपण काही तेवढे जाड नाही’ असे म्हणून निश्चिंत राहतात. माझ्या मते हीच सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

उंची आणि वजनावरून काढलेला बीएमआय २५ किंवा त्याहून जास्त असला, की जगभर वजन जास्त धरतात. भारतीयांसाठी मात्र तज्ज्ञांनी ही रेषा २३ वर आणि लठ्ठपणाची रेषा २५ वर आणली आहे, कारण तेवढ्याच वजनाला आपल्या शरीरात चरबी अधिक असते आणि ती पोटाभोवती साचते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले होते. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी होती, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के.

म्हणून वजनकाट्याबरोबर मोजपट्टीही हवी. भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपुढचा घेर धोक्याचा मानतात. पँटचा नंबर बदललेला नाही यावर विसंबू नका, कारण पोट सुटले की पँट पोटाखाली सरकते आणि नंबर तोच राहतो. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, सहज श्वास सोडल्यावर, पट्टी न आवळता माप घ्यावे.

दुसरी चूक आपल्या शहरात रविवारी सकाळी ठळक दिसते. गोल्फ क्लब मैदानावर किंवा कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर फेऱ्या मारून झाल्या, की मंडळी थेट मिसळीकडे वळतात. अर्धा तास झपाट्याने चालल्यावर साधारण दीडशे कॅलरी खर्च होतात, आणि एका मोठ्या चमचाभर तेलातच सुमारे १२० कॅलरी असतात. मोड आलेली मटकी उत्तमच आहे. प्रश्न तर्रीवरचे तेल, मूठभर फरसाण, पावाची वाढती संख्या आणि नंतरची जिलेबी यांचा आहे. तरीही ‘चालून वजन उतरत नाही’ म्हणून चालणे सोडू नये, कारण वजन तेवढेच राहिले तरी रक्तदाब आणि साखर यांवर चालण्याचा चांगला परिणाम होतो.

वजन अडून बसले असेल, तर आधी घरातील तेलाचा हिशेब करावा. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल संपत असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज सुमारे ४२ मिलिलिटर, म्हणजे जवळजवळ ३४० कॅलरी येतात. त्यानंतर चहातील साखर मोजावी. द्राक्षांच्या हंगामात रस काढण्याऐवजी फळ खावे, तेही वाटीभर. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्यांनी झोपेकडे आधी पाहावे, कारण झोप अपुरी राहिली की भूक वाढते. एवढे करूनही फरक पडत नसेल, तर थायरॉइड, स्त्रियांमधील पीसीओडी (अंडाशयांशी निगडित संप्रेरकांचा बिघाड) आणि स्टेरॉइडसारखी औषधे यांविषयी डॉक्टरांना जरूर विचारावे.

महिन्यात दहा किलो उतरवण्याची घाई करू नये. उपासमारीने चरबीबरोबर स्नायूही जातात आणि जुने खाणे सुरू होताच वजन परत येते. मूळ वजनाच्या पाच ते दहा टक्के घट टिकली, तरी साखर आणि रक्तदाबात सुधारणा दिसते. सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपटाइड या वजन उतरवणाऱ्या औषधांची इंजेक्शने ओळखीच्या माणसाच्या सांगण्यावरून घेऊ नयेत. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या सुरू असतील, तर जेवण कमी करण्याआधी किंवा उपवास धरण्याआधी डोस डॉक्टरांकडून बदलून घ्यावा, अन्यथा साखर एकदम खाली जाऊन भोवळ येऊ शकते.