सभासद वाढले, मिनिटे तेवढीच

वक्तृत्वाच्या क्लबची जबाबदारी नव्याने घेणाऱ्याला सभासद वाढवणे आणि सभा वेळेत संपवणे ही दोन वेगळी कामे म्हणून सांगितली जातात. टोस्टमास्टर्स या वक्तृत्वाचा सराव करवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पद्धतीने चालणाऱ्या क्लबमध्ये काही वर्षे निरनिराळी पदे सांभाळल्यावर माझे मत असे झाले आहे की हा हिशेब एकच आहे, कारण क्लबमध्ये येणारा प्रत्येक नवा सभासद सभेच्या ठरलेल्या मिनिटांतूनच आपला वाटा मागत असतो.

एका सभेत तीन तयार भाषणे आणि महिन्यात दोन सभा, असे धरले तर महिन्याला सहा संधी मिळतात. वीस सभासदांच्या क्लबमध्ये प्रत्येकाची पाळी तीन महिन्यांहून थोड्या अधिक काळाने येते; सभासद छत्तीस झाले की तीच पाळी सहा महिन्यांवर जाते. पहिले ‘आइस ब्रेकर’ भाषण करून उत्साहात आलेला नवा सभासद दुसऱ्या भाषणासाठी इतका काळ थांबत नाही. तो भांडत नाही, तक्रारही करत नाही. पुढच्या सहामाहीची वर्गणी मात्र भरत नाही. म्हणून सभासदत्व पाहणाऱ्या पदाधिकाऱ्याने नव्या माणसाचा अर्ज घेण्यापूर्वी शिक्षण-उपाध्यक्षांकडील भाषणांचे वेळापत्रक पाहावे आणि शक्यतो अर्ज भरतानाच त्याच्या पहिल्या भाषणाची तारीख ठरवून द्यावी.

वेळापत्रकात जागा नाही म्हटल्यावर सभाच अर्धा तास लांबवावी, ही सूचना हमखास येते. ती स्वीकारण्यापूर्वी नव्वद मिनिटांच्या सभेचा हिशेब मांडून पाहावा. नेहमीचे तयार भाषण पाच ते सात मिनिटांचे, त्या भाषणावर दुसऱ्या सभासदाने सांगायचे मूल्यमापन दोन ते तीन मिनिटांचे आणि टेबल टॉपिक्समधील उत्स्फूर्त भाषण एक ते दोन मिनिटांचे असते; शेवटी प्रत्येकाला तीस सेकंदांची सवलत मिळते. तीन भाषणे, तीन मूल्यमापने आणि सहा उत्स्फूर्त वक्ते यांनी सवलतीसह सगळी वेळ वापरली, तरी एकूण अठ्ठेचाळीस मिनिटेच होतात. उरलेली बेचाळीस मिनिटे बोलण्याच्या सरावाबाहेर जातात आणि सभा लांबते ती बहुतेक वेळा तिथेच. वक्त्याचा परिचय दोन वाक्यांऐवजी दोन परिच्छेदांचा होतो, सूत्रसंचालक प्रत्येक भाषणाचा सारांश पुन्हा सांगतो, व्याकरण पाहणारा आपला अहवाल म्हणजे स्वतंत्र व्याख्यान समजतो, आणि शेवटी सगळ्या पाहुण्यांना एकेक करून अभिप्राय विचारला जातो. (अध्यक्षांचे ‘फक्त दोन शब्द’ हा प्रकारही यातच मोडतो.) पाहुण्यांचे अभिप्राय थांबवू नयेत, कारण नवे सभासद त्यांच्यातूनच मिळतात, मात्र पाहुणे अधिक असतील तर दोघा-तिघांना सभेत बोलू द्यावे आणि इतरांशी सभा संपल्यावर सभासदत्व-उपाध्यक्षांनी स्वतः बोलावे.

सूत्रसंचालकाच्या हातात कार्यक्रमपत्रिका देताना प्रत्येक बाबीसमोर किती मिनिटे एवढेच न लिहिता ती घड्याळाच्या किती वाजता सुरू व्हायची आहे हेही लिहावे. टेबल टॉपिक्स सात वाजून चाळीस मिनिटांनी संपायचे आहे हे समोर दिसले की उशीर झाल्यास वक्त्यांची संख्या सहावरून चारवर आणणे त्याला जागच्या जागी जमते. कात्री लावायची ती याच सत्राला. आठवडाभर तयारी करून आलेल्याच्या भाषणाला किंवा त्याच्या मूल्यमापनाला कधीही नाही. किती वेळ झाली हे कळवणारी वेळनियंत्रकाची कार्डे हिरवी, पिवळी, लाल या क्रमाने वक्त्यांना दाखवली जातात, हे सर्वांना ठाऊक असते; अहवाल वाचणाऱ्यांना आणि घोषणा करणाऱ्यांनाही ती दाखवायला सुरुवात केली तर सभेची शिस्त लवकर सुधारते, असा माझा अनुभव आहे. सभा सुरू करण्याची वेळ अर्थातच ठरलेली तीच असावी. उशिरा येणाऱ्यांसाठी थांबणे म्हणजे वेळेवर आलेल्यांना शिक्षा करणे होय.

एवढे करूनही पाळ्या पाच-सहा महिन्यांवर जात असतील, तर क्लब खरोखरच एका सभेत मावेनासा झाला आहे असे समजावे. अशा वेळी महिन्यात एक जादा सभा घ्यावी, अधूनमधून उत्स्फूर्त भाषणांचे सत्र गाळून पाच तयार भाषणांची सभा ठेवावी, आणि त्यानेही भागले नाही तर दुसऱ्या क्लबचा विचार करावा. नव्या क्लबला सनद, म्हणजे संस्थेची अधिकृत मान्यता, मिळण्यासाठी किमान वीस सभासद लागतात, त्यामुळे चाळिशीच्या आतल्या क्लबने आपले दोन भाग करण्याची घाई करू नये. बाहेरून नवे सभासद जमवून, त्यांच्यासोबत काही जुने देऊन दुसरा क्लब उभा करणे अधिक सुरक्षित असते. या जुन्यांमध्ये निदान दोन-तीन चांगले मूल्यमापक असलेच पाहिजेत. वक्ते नव्या क्लबमध्ये आपोआप तयार होतात, पण भाषण ऐकून तीन मिनिटांत उपयोगी असे काही सांगू शकणारा माणूस तयार व्हायला बराच काळ लागतो.