कामाच्या ठिकाणचा पसारा आवरताना या चुका टाळा

आठवड्यातला काही वेळ आवराआवरीसाठी आणि पुढच्या कामाची दिशा ठरवण्यासाठी राखून ठेवावा, हे आता बहुतेकांना पटलेले आहे. तरीही तो वेळ संपल्यावर टेबल स्वच्छ दिसते आणि डोक्यातला गोंधळ मात्र जसाच्या तसा राहतो. याचे कारण असे की, त्या वेळात वस्तू इकडच्या तिकडे केल्या जातात, पण त्यांचे काय करायचे हे ठरवलेच जात नाही.

‘नंतर पाहू’ नावाचा फोल्डर हे याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. डेस्कटॉपवरच्या सगळ्या फायली त्यात ढकलल्या की स्क्रीन मोकळी होते, पण उत्तराची वाट पाहणारे पत्र, मंजुरीसाठी अडकलेला मसुदा आणि कधीचे तरी स्क्रीनशॉट एकाच ढिगात जातात आणि पुढच्या खेपेस ‘नंतर पाहू 2’ जन्माला येतो. माझी पद्धत संथ आहे. प्रत्येक कागद किंवा मेल हाती घेतल्यावर तो लगेच निकालात काढायचा, तारीख घालून कॅलेंडरवर टाकायचा, दुसऱ्याकडे सोपवायचा किंवा टाकून द्यायचा. कोणाच्या तरी खुलाशावाचून अडलेले काम असेल, तर त्या व्यक्तीला तिथल्या तिथे विचारायचे. अर्ध्या तासात सगळे चकाचक करू पाहणाऱ्या नवख्यांना हे रटाळ वाटते. त्यांचा ढीग पुढच्या आठवड्यात पुन्हा दिसतो, त्याला माझा इलाज नाही.

याच्या उलट टोकाची चूक अधिक महागात पडते, ती म्हणजे आवरण्याच्या भरात सामायिक फायली पुसून टाकणे. आमच्या एका सहकाऱ्याने एका दुपारी आपले गूगल ड्राइव्ह साफ केले आणि ‘जुने’ असे नाव असलेला, स्वतःच्याच मालकीचा एक फोल्डर उडवला. ज्या पत्रकांवरून हिशेब विभाग तिमाहीचा ताळेबंद जुळवत असे, ती त्यातच होती. पण तिमाही संपायला अवकाश असल्यामुळे कोणाच्या ते लक्षात आले नाही. ड्राइव्हच्या कचरापेटीतील फायली 30 दिवसांनी कायमच्या पुसल्या जातात, आणि शोधाशोध सुरू झाली तेव्हा ती मुदत केव्हाच उलटून गेली होती. अखेर मेलला जोडलेल्या जुन्या प्रती गोळा करून दोघांनी ती पत्रके नव्याने उभी केली. आपल्या संगणकावर दिसणारा फोल्डर ड्राइव्हशी जोडलेला असेल, तर इथे पुसलेले तिथेही पुसले जाते, हे लोक हमखास विसरतात.

कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याच्या जपानी कारखान्यांतील ‘फाइव्ह एस’ पद्धतीत यावर उत्तम तोड आहे. ज्या वस्तूबद्दल शंका असेल तिला तारखेसह लाल चिठ्ठी लावून ती वेगळ्या जागी ठेवतात आणि ठरलेल्या मुदतीत कोणी मागितली नाही, तरच ती हलवतात. मीही शंकास्पद फायली तारखेच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतो, संबंधितांना कळवतो आणि एक तिमाही उलटल्याशिवाय काहीही पुसत नाही.

आवराआवरीसाठी आधी नवे ॲप शोधत बसू नये. शुक्रवारची संध्याकाळ या कामासाठी निवडू नये, कारण थकलेला माणूस ठरवत नाही, ढकलतो. कॅलेंडरवर वेळ राखूनही त्या वेळात कोणी बैठक मागितली की ती मान्य करणाऱ्यांविषयी न बोललेलेच बरे.

उरलेली चूक शेवटच्या दहा मिनिटांत होते. टेबल आवरून झाले की हात आपोआप मेलकडे जातो आणि दिशा ठरवण्याचा भाग राहूनच जातो. संशोधक सोफी लेरॉय यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले की, अर्धवट सोडलेल्या कामाकडे लक्ष काही अंशी अडकून राहते आणि पुढच्या कामाला त्याचा फटका बसतो. म्हणून अपुऱ्या कामाची पुढची पायरी मी एका ओळीत लिहून ठेवतो. ‘अहवाल पूर्ण करणे’ असे मोघम न लिहिता ‘तिसऱ्या तक्त्यातील बेरीज तपासून प्रमुखांना पाठवणे’ इतके नेमके लिहितो. मग ज्या कामाला बसायचे त्याचीच फाइल उघडतो आणि पहिला तासभर मेल बंद ठेवतो.