गटाने लघुपट: सात जण, दोन मोबाईल आणि बंद पंखा

कॉलेजच्या गटात कॅमेरा कोणाचा वापरायचा यावर दोन-दोन दिवस वाद रंगतो, पण आवाज कोण घेणार हे शूटिंगच्या सकाळपर्यंत ठरलेलं नसतं. पहिला लघुपट फसतो तो बहुतेक दोनच कारणांनी. एक तर संवाद ऐकू येत नाहीत, नाहीतर गटातला प्रत्येक जण दिग्दर्शक होऊन बसलेला असतो. ही दोन्ही दुखणी शूटिंगच्या आधीच आवरता येतात.

कलाकार सोडून पाच-सहा माणसं पुरतात. दिग्दर्शक, कॅमेरा, आवाज, नोंदवही, संपादन आणि धावपळ. धावपळवाल्याकडे परवानगी, डबे, पाणी, गाड्या आणि बघ्यांना लांब ठेवणं. नोंदवहीवाला प्रत्येक टेकचा क्रमांक, तो चांगला की वाईट, आणि पात्राचा पेला कोणत्या हातात होता, हे लिहीत राहतो. हे काम कोणालाच नको असतं, पण संपादनाला बसल्यावर सगळे त्याच वहीवर तुटून पडतात. सेटवर कलाकाराशी फक्त दिग्दर्शकानं बोलायचं. बाकीच्यांनी सूचना दिग्दर्शकाच्या कानात सांगायची, तीही दोन टेकच्या मध्ये.

कोणाला काय जमतं हे मतदानानं ठरवू नका. आधी प्रत्येकानं पाच शॉटचा, एक मिनिटाचा, एकही संवाद नसलेला तुकडा करून आणावा: चहा टाकणं, सायकलची चेन बसवणं, काहीही. सगळे तुकडे एकत्र बसून बघितले की कोणाचा हात स्थिर आहे आणि कोणाला कुठं कापायचं ते कळतं, हे आपोआप दिसतं.

संहितेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. पहिल्या लघुपटाला पाच पानं खूप झाली. दोन पात्रं, एक जागा, एक दिवस. दुष्काळ, ऊसतोड, कर्जबाजारी शेतकरी हे विषय आपले आहेत, पण पाच मिनिटांत ते कोंबले की भाषण होतं. त्यापेक्षा लातूरला शिकवणीसाठी आलेली दोन मुलं घ्या. भाड्याची खोली, मेसचा डबा. एकाचा निकाल आलाय आणि दुसऱ्याला तो अजून माहीत नाही. संवाद घरात बोलतो तसेच लिहा. ‘काय करायलास?’ म्हणणाऱ्या पोराच्या तोंडी ‘तू काय करीत आहेस?’ घातलं की चांगला नटही लाकडी वाटतो.

जागा बघायला जाताना डोळ्यांइतकेच कान लावा. ज्या वेळी शूटिंग आहे त्याच वेळी जा आणि दहा मिनिटं गप्प बसा. मंदिराचा भोंगा, मशिदीची अजान, शेजारची पिठाची गिरणी, शाळा सुटायची वेळ, सगळं लिहून घ्या. शेतात शूटिंग असेल तर शेतमालकाला विचारा की थ्री-फेज लाईट या आठवड्यात कधी येते. मोटारीला ऑटो-स्टार्टर असतो. लाईट आली की ती आपोआप सुरू होते आणि रंगात आलेला प्रसंग तिथंच बुडतो. वेरूळ, दौलताबादचा किल्ला, बीबी का मकबरा ही केंद्र संरक्षित स्मारकं आहेत. तिथं चित्रीकरणाला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, ट्रायपॉड उघडला की हटकतातच. एसटी स्टँडवरही आगारात आधी विचारा. लहान मुलं दिसणार असतील तर पालकांची लेखी संमती घ्या.

मोबाईलचं सेटिंग एकदाच ठरवा आणि शेवटपर्यंत बदलू नका: 1080पी, सेकंदाला 25 फ्रेम, शटर (एका फ्रेमला उजेड आत घ्यायचा वेळ) 1/50 सेकंद. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे, त्यामुळे या शटरला ट्यूबलाईटच्या पट्ट्या सरकताना दिसत नाहीत. फोनच्या मूळ कॅमेऱ्यात शटर हातात येत नसेल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे ॲप फुकट आहे, फक्त ते तुमच्या फोनवर चालतं का ते आधी बघा. फोकस, एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) आणि व्हाईट बॅलन्स (रंगाची छटा) तिन्ही लॉक करा. नाहीतर पात्र खिडकीसमोरून गेलं की सगळी खोली काळी पडते आणि परत उजळते. उन्हात 1/50 ठेवलं तर चित्र पांढरंफटक होतं. तिथं चिमट्याचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळपट काच, लावा किंवा सावलीत जा.

ऊन हा मराठवाड्यातला वेगळाच धडा. मेमध्ये दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि कपाळ चकाकतं. सकाळी सहा ते साडेआठ आणि संध्याकाळी पाचनंतर बाहेरचं काम करा, दुपार खोलीतल्या प्रसंगांना द्या. फोन तापला की पडदा मंद होतो, मग रेकॉर्डिंगच थांबतं. कव्हर काढा, दोन टेकच्या मध्ये फोन सावलीत ठेवा, पॉवर बँक लावून शूट करू नका. बर्फावर किंवा फ्रिजमध्ये तर मुळीच नको, आत दव धरतं.

आता ती लातूरची खोली. दहा बाय दहा. जागा पुरत नाही म्हणून फोनमधली 0.5 ची, जास्त रुंद दाखवणारी लेन्स लावायचा मोह होतो, पण तिनं कडेचे चेहरे ताणले जातात. त्याऐवजी फोन दाराच्या बाहेर किंवा खिडकीच्या गजांतून लावा. दोन खाटांवर बसलेल्या मुलांमध्ये एक रेघ कल्पना करा आणि कॅमेरा दिवसभर त्या रेघेच्या एकाच बाजूला ठेवा. पलीकडे गेलात तर दोघंही एकाच दिशेला बघताना दिसतात आणि एकमेकांशी बोलतायत असं वाटतच नाही. आधी दारातून पूर्ण प्रसंग एका दमात घ्या. मग प्रत्येकाच्या खांद्यावरून, मग चेहरे, शेवटी डबा उघडणारे हात. प्रत्येक शॉटला बोलण्याच्या आधी आणि नंतर पाच सेकंद जास्त घ्या. उजेड खिडकीचा, ट्यूब बंद, आणि चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा शीट धरा. नव्या गटाचे दिवसाला वीस शॉट झाले तरी पुष्कळ.

आवाजासाठी दुसरा फोन घ्या, त्याला हजाराच्या आतबाहेर मिळणारा कॉलरचा वायरवाला माईक लावा आणि फोन पात्राच्या खिशात ठेवा. दोन्ही फोन एअरप्लेन मोडवर. माईक छातीच्या मध्यावर, हनुवटीपासून वीतभर खाली. शर्टाच्या आत लपवायचा असेल तर कापडाला घासू नये म्हणून दोन्हीकडून चिकटपट्टी लावा. बाहेर वाऱ्याला फोमचा बोंडा पुरत नाही, केसाळ कव्हर लागतं. रेकॉर्डिंग ॲपच्या सेटिंगमध्ये सॅम्पल रेट 48 किलोहर्ट्झवर ठेवा. टेकआधी पात्राला सगळ्यात मोठ्यानं बोलायचं वाक्य म्हणायला लावा आणि ॲपमधला आवाजाच्या पातळीचा काटा उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील असं बघा, शून्य ही वरची हद्द. शून्याला टेकून फाटलेला आवाज कुठल्याच सॉफ्टवेअरनं पूर्ण शिवता येत नाही. पंखा आणि कूलर बंद, मग कितीही उकडो. टेक संपला की लगेच सुरू करा. दोन्ही फोन चालू झाले की कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, कारण तिच्यावरच पुढं चित्र आणि आवाज जुळवायचे आहेत. जागा सोडण्याआधी सगळ्यांना गप्प बसवून तीस सेकंद रिकाम्या खोलीचा आवाज घ्या. संवाद कापताना मध्ये पडणारे खड्डे त्यानंच बुजतात. पत्र्याच्या खोलीत पाऊस लागला तर सरळ डबे खाऊन घ्या.

फायली केबलनं उतरवा. व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवल्यात तर तो दाबला जाऊन चित्राची माती होते. दोन वेगळ्या ठिकाणी प्रत झाल्याशिवाय फोनमधलं काहीही पुसायचं नाही.

संपादनाला दा विंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती चालते. जुना, कमी रॅमचा संगणक असेल तर शॉटकट किंवा केडेनलाईव्ह. काही फोन फ्रेमचा वेग सतत बदलत रेकॉर्ड करतात, मग सुरुवातीला जुळलेला आवाज मिनिटा-दोन मिनिटांत ओठांच्या मागंपुढं जातो. तसं झालं तर आधी हँडब्रेक या फाईल बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये फाईल स्थिर 25 फ्रेमवर बदलून घ्या. पहिला कट संगीताशिवाय लावा. संगीत घातलं की ढिला प्रसंगही बरा वाटायला लागतो, आणि इथंच गट फसतात. सिनेमातलं गाणं उचलू नका, यूट्यूबवर हक्काचा दावा येतो. गावातल्या भजनी मंडळाकडून पेटी-टाळाचा एक मिनिट विचारून रेकॉर्ड करून घेतलात तर तो तुमचाच.

मराठी नावं टाकताना काही सॉफ्टवेअरांत जोडाक्षरं तुटतात, वेलांट्या उडतात. ‘मुक्ता’ (Mukta) किंवा नोटो सॅन्स देवनागरीसारखा युनिकोड फॉन्ट वापरा. तरी तुटलं तर इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये नाव लिहून त्याचं मागं पारदर्शक असलेलं पीएनजी चित्र करून आणा.

शेवटचा कट ज्यानं संहिता वाचलेली नाही अशा दोघा-तिघांना दाखवा, काहीही न समजावता. पडद्याकडं बघू नका, त्यांच्याकडं बघा. हात खिशातल्या फोनकडं कुठं गेला ती वेळ वहीत टिपा. नंतर फक्त एवढंच विचारा की काय घडलं ते सांगा. निकालाची गोष्ट कोणालाच कळली नसेल तर संवाद वाढवू नका, आधी तो शॉट दीड-दोन सेकंद जास्त ठेवून बघा. मग एच.264 (व्हिडिओ साठवायची पद्धत), 1080पी, 25 फ्रेम, 10 ते 15 एमबीपीएस (सेकंदाला किती माहिती ते माप) असं निवडून फाईल काढा आणि ती एकदा हेडफोन लावून, एकदा साध्या फोनच्या स्पीकरवर पूर्ण ऐका.